तीन महिन्यांची साखर

उद्या रक्त द्यायचं म्हणून आठवडाभर भात बंद, चहा बिनसाखरेचा आणि संध्याकाळी दोन फेऱ्या जास्त. मधुमेह असलेल्या कितीतरी घरांत ही तयारी चालते. उपाशीपोटीची साखर तिने खाली येतेही. मात्र डॉक्टरांनी एचबीएवनसी लिहून दिली असेल, तर एवढ्याशा पथ्याने आकडा फारसा हलत नाही.

रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं आणि सहसा पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण 120 दिवस. शंभरातलं किती हिमोग्लोबिन असं साखर लागलेलं आहे, ते ही तपासणी सांगते. 7 टक्के म्हणजे सरासरी साखर 154च्या आसपास, 8 टक्के म्हणजे 183.

साखर लागलेल्या हिमोग्लोबिनचं मधुमेहाशी असलेलं नातं तेहरानमध्ये उलगडलं. सॅम्युअल राहबर तिथे वेगळ्याच शोधात होते: लोकांच्या रक्तात सदोष हिमोग्लोबिन कुठे आढळतं का, हे ते पाहत होते. काही नमुन्यांत एक अनोळखी पट्टा दिसला. ती माणसं मधुमेही निघाली. 1968मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या 1441 टाइप-1 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. आकडा 9ऐवजी 7च्या जवळ राखला, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचं नुकसान बरंच टळतं, हे 1993मध्ये त्यातून सिद्ध झालं.

राहबर ज्या सदोष हिमोग्लोबिनच्या मागावर होते, तेच आज या तपासणीला चकवतं. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेल आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला त्यांना पुरेसे दिवसच मिळत नाहीत. रिपोर्ट चांगला येतो आणि साखर मात्र वाढलेली असते. हा खोटा दिलासा फार धोक्याचा आहे.

लोहाच्या कमतरतेत बहुधा उलटं घडतं, आकडा विनाकारण फुगतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, म्हणून ही बाब किरकोळ समजून चालणार नाही. अशा बाईचा आकडा लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर साखर तेवढीच असतानाही उतरू शकतो. त्यामुळे एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि घरी ग्लुकोमीटरवर घेतलेल्या नोंदींची वही ठेवावी लागते. शंका उरलीच, तर फ्रुक्टोसामाइन तपासतात. त्यात साखर मोजली जाते ती रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली, गेल्या दोन-तीन आठवड्यांची.