पाटीवर न चढलेली मजुरी

‘व्हीलर डीलर्स’ या टीव्ही कार्यक्रमाच्या प्रत्येक भागाच्या शेवटी हिशेबाची पाटी दाखवतात. गाडी इतक्या पौंडांना घेतली, सामान इतक्याचं लागलं, विकली इतक्याला, नफा इतका. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात आमच्या गॅरेजची बिलं लिहिते. गॅरेज वडिलांनी सुरू केलं, पत्र्याचं काम आता दादा बघतो आणि वही माझ्याकडे असते. त्यामुळे तो हिशेब पडद्यावर आला की सगळे नफा बघतात आणि मी मजुरीची ओळ शोधते. ती कुठेच नसते.

हा कार्यक्रम २००३ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि डिस्कव्हरीवरून आपल्या घरात आला. दोन माणसं. माइक ब्रूअर गाड्यांच्या खरेदी-विक्रीतला, गोड बोलून भाव पाडणारा. एड चायना सहा फुटांच्या कितीतरी वर उंचीचा मेकॅनिक, हातात केशरी हातमोजे. माइकनं जुनी गाडी शोधून आणायची, एडनं ती दुरुस्त करायची, मग माइकनं ती विकायची. जुन्या गाड्या घेऊन, नीट करून विकण्याचे पुढे कितीतरी कार्यक्रम निघाले. त्यातल्या बहुतेकांचा सांगाडा हाच आहे.

आता गंमत बघा. एखाद्या भागात गाडीचा रंग बाहेरून करून घेतला, तर त्या रंगाऱ्याचे पैसे खर्चात धरतात. एड मात्र इंजिन उतरवतो, क्लच बदलतो, वायरिंग ओढतो, आणि त्याचे तास कुठेच चढत नाहीत. परक्याची मजुरी खर्च, घरच्याची फुकट! समजा, गाडी दोन हजार पौंडांना घेतली, हजाराचं सामान घातलं आणि चार हजारांना विकली. पाटीवर नफा येणार हजार पौंड. त्यात एडचे साठ तास घाला आणि तासाला पन्नास पौंड धरा. तीन हजार झाले. हजाराच्या नफ्याचा दोन हजारांचा तोटा होतो.

मी याला फसवणूक म्हणणार नाही. मजुरी धरलेली नाही हे लपवून ठेवलेलं नाही, आणि घरी, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं गाडी नीट करणाऱ्या माणसासाठी तो हिशेब बरोबरच आहे. त्याला स्वतःला पगार द्यायचा नसतो. अडचण आमच्यासारख्यांची होते. गिऱ्हाईक आजोबांची प्रीमियर पद्मिनी टोचन करून आणतं आणि म्हणतं, “ताई, टीव्हीवर तर हे चार दिवसांत होतंय की.” दादा मान वर न करता म्हणतो, “मग टीव्हीवाल्यांकडंच न्या की.” मग मला चहा मागवावा लागतो आणि समजावत बसावं लागतं.

समजावताना मी बोलत नाही, रनिंग बोर्ड दाखवते. दरवाजाखालची ही लांब पट्टी म्हणजे गाडीचा कणा. बॉडीचा बराचसा भार तिच्यावर असतो. दादा फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवतो. चांगल्या पत्र्यावर ते चिकटतं, आणि जिथं जाड लांबी (पुट्टी) भरलेली असते तिथं सुटून खाली घसरतं. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायचं. टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज आला की समजायचं, आत काही उरलेलं नाही. ग्राइंडर लावला की रंगाचे थर निघतात, खाली लांबी, तिच्याखाली कुणीतरी पूर्वी रिव्हेट मारून बसवलेला पत्र्याचा तुकडा, आणि त्याखाली गंजाचा भुगा. बाहेरून ती गाडी चकाचक दिसत असते.

तो भाग कापण्याआधी बॉडीला आतून आधार द्यावा लागतो. नाहीतर कापल्याबरोबर ती मध्ये बसते आणि पुन्हा दरवाजा कधीच नीट लागत नाही. मग पुठ्ठ्याचा खाका काढायचा, पत्रा कापायचा, वाकवायचा, बसवून बघायचा, काढायचा, परत वाकवायचा. वेल्डिंग सलग ओढता येत नाही, पत्रा तापून पीळ खातो. एक टाका इथं, दुसरा तिथं, मध्ये ओल्या फडक्यानं थंड करायचं. दर थोड्या वेळानं दरवाजा लावून फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना ते बघायचं. त्यानंतर हातोडा आणि डॉली, कानस, प्रायमर, पातळ लांबी, वॉटर पेपरचं घासकाम. हे एका बाजूचं झालं. टीव्हीवर यातलं बरंचसं ठिणग्यांच्या दोन दृश्यांत उरकतं.

तरीही या सगळ्या कार्यक्रमांत काम दाखवण्याच्या बाबतीत ‘व्हीलर डीलर्स’ उजवा होता, आणि तो एडमुळे. बेअरिंग का गेलं, कसं ओळखायचं, काढताना काय जपायचं हे तो सावकाश सांगायचा. आमच्याकडची शिकाऊ पोरं त्याची भाषा कळत नसली तरी त्याचे हात बघत बसायची. २०१७ मध्ये एडनं कार्यक्रम सोडला. त्यानं स्वतः जाहीर सांगितलेलं कारण असं की, निर्मिती हाती घेतलेल्या अमेरिकी वाहिनीला त्याचा वर्कशॉपचा भाग कमी करायचा होता. तो चित्रित करायला अवघड आणि खर्चिक पडत होता. दर्जा घसरवून राहण्यापेक्षा त्यानं निघून जाणं पसंत केलं. प्रेक्षक इतके चिडले की माइकला धमक्यांपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. एडच्या जागी आधी अँट अँस्टेड आला, नंतर फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेन संघाचा मेकॅनिक राहिलेला मार्क प्रिस्टली.

एडनं कार्यक्रम सोडल्याची बातमी मला कळली तेव्हा वाटलं, बघा, अखेर मजुरी हिशेबात आलीच! एडचे तास गाडीच्या खर्चात धरले नव्हते, पण ते चित्रित करायचे तर कॅमेरावाल्यांचे तास लागतात आणि ते कुणीतरी धरले. काम महाग आहे हे वाहिनीला पक्कं ठाऊक होतं. प्रेक्षकांना सांगायचं मात्र राहून गेलं.

बाकीचे कार्यक्रम मी याच नजरेनं बघते. ‘फास्ट एन लाउड’मध्ये डॅलसच्या गॅस मंकी गॅरेजचा रिचर्ड रॉलिंग्ज असतो. तिथे आरडाओरडा आणि सतत डोक्यावर मुदत. गाडी वेळेत पुरी होणार की नाही, एवढंच नाट्य. रंग वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, कुणी ओरडलं म्हणून तो लवकर वाळत नाही, हे आमच्याकडच्या कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. ‘कार एसओएस’ मला जास्त प्रामाणिक वाटतो. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड कुणाची तरी वर्षानुवर्षं पडून राहिलेली गाडी घरच्यांच्या संगनमतानं गुपचूप उचलतात, पुरती उघडतात आणि नवी करून मालकाला परत देतात. मालक बहुतेक वेळा आजारपणानं किंवा संकटानं खचलेला असतो. तिथे नफ्याची पाटी नाहीच. ती भेट आहे, आणि भेटीचा हिशेब कुणी मागत नाही. ‘बँगर्स अँड कॅश’ तर यॉर्कशरमधल्या थॉर्नटन-ले-डेल या खेड्यातल्या एका लिलावघराभोवती फिरतो. कोठारात सापडलेली गाडी आहे तशी लिलावात जाते आणि बोली सांगेल ती तिची किंमत. नीट न केलेल्या गाडीला खरा भाव काय येतो, हे तिथे समजतं.

या कार्यक्रमांतलं सगळंच इथे लागू पडत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून सडतात. पण जुन्या गाड्यांचं सामान बनवणारा अख्खा उद्योग तिथे उभा आहे. एमजीबी या मोटारीची पूर्ण नवी बॉडी मूळच्याच साच्यांवर १९८८ पासून बनते आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला तिथे रस्ता कर नाही आणि २०१८ पासून दरवर्षीची सक्तीची तपासणीही नाही. आपल्याकडे पद्मिनीचा एखादा पार्ट हवा असेल तर कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे चौकशी करा, नाहीतर लेथवर बनवून घ्या. कागदांचं वेगळंच. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की पासिंग आणि पर्यावरण कर आला. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम झाला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. टीव्हीवर सर्रास दुसरं इंजिन बसवतात. इथे तसं करायचं तर आधी आरटीओची परवानगी. त्यामुळे विकून नफा करू या आशेवर गाडी घेणाऱ्याला मी आधी आरसी बुक आणायला सांगते, गाडीचं नंतर बघू.

वडिलांच्या वहीतही दादाची मजुरी कधी नव्हती. पत्रा, गॅस, रंग, रंगाऱ्याचा रोज असं सगळं ओळीनं असायचं आणि मग “शिल्लक”. त्या शिलकीत दादाचं अंग मोडेपर्यंतचं काम असायचं. वही माझ्याकडे आल्यावर मी मजुरीची ओळ सगळ्यात वर घेतली, सामान खाली. पहिल्यांदा गिऱ्हाइकं दचकतात. पण कशाचे पैसे देतोय हे त्यांना दिसतं, आणि घासाघीस झालीच तर ती तासांवर होते. त्यांना मी वर्कशॉपमध्ये उभं करून तेवढे तास मोजायला सांगू शकते.

टीव्हीवाल्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: शेवटच्या पाटीवर एक ओळ वाढवा. पैसे लिहायचे नसतील तर नुसते तास लिहा. बहुतेक भागांत नफा नाहीसा होईल आणि कार्यक्रमाचं काही बिघडणार नाही, कारण एडचे भाग नफ्यासाठी कुणी बघतच नव्हतं. आमची पोरं तर शेवटची पाटी यायच्या आतच उठून कामाला लागायची.