सीएनजीवरचा व्हॅट उतरला, पण परिणाम कशाचा?

सातारा-सांगलीत सीएनजी गाड्या वाढल्या म्हणजे करसवलत लागू पडली, असं आराखड्यात लिहिणार असाल तर जरा थांबा. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. पण त्याच दिवशी केंद्राने देशी वायूचा दर दशलक्ष बीटीयूमागे २.९० वरून ६.१० डॉलर केला. मुंबईत किलोमागे ६ रुपयांनी उतरलेला सीएनजी आठवड्याच्या आत ७ रुपयांनी चढला! नुसत्या 'आधी-नंतर' तुलनेत हे दोन परिणाम सुटे होत नाहीत. मिरजेपलीकडे कर्नाटकात वायूची दरवाढ तीच, महाराष्ट्राची कपात मात्र नाही. म्हणून सांगलीची वाहननोंदणी बेळगावशी ताडून बघा. आणि कुठला पंप कधी सुरू झाला तेही नोंदवा. पंपच नसेल तर सवलत कसली?