काशीदची गर्दी आणि फणसाडची पायवाट

मुंबईकरांची सुट्टी म्हटली की काशीद आणि मुरुडचा किनारा आलाच. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडीसकट येणेही सोपे झाले आहे. पण या गर्दीचा पैसा जातो कोठे? वाळूवरच्या टपऱ्या आणि मोठी हॉटेले यांच्यापलीकडे तो फारसा सरकत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

याच किनाऱ्याच्या पाठीशी फणसाडचे जंगल उभे आहे. एके काळी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. ती राखण होती म्हणून झाडे वाचली. १९८६ साली शासनाने ते अभयारण्य जाहीर केले. सुपेगावाकडून आत शिरले की समुद्राची गाज मागे राहते आणि दाट सावलीतली पायवाट सुरू होते. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू येथे फांदीवरून फांदीवर उड्या मारताना दिसतो. पाणवठ्याला इकडे 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावरे तेथेच येतात.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकले. नारळ-सुपारीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप उत्पन्न द्यायला पाच-सात वर्षे घेते. तोवर घर चालायचे कसे? कोणी मुंबईची वाट धरतो, कोणी आखाताची, तर कोणी जमीन बंगलेवाल्याला विकून मोकळा होतो. विकलेली जमीन परत येत नाही.

पायी फिरणारा पाहुणा किनाऱ्यावरच्या पाहुण्यापेक्षा वेगळा असतो. त्याला पहाटे निघायचे असते, म्हणून तो आदल्या रात्री मुक्कामाला येतो. त्याला वाट माहीत नसते, म्हणून वाटाड्या लागतो. समजा, चार जणांचा गट एक रात्र राहिला. मुक्कामाचे पैसे घरमालकाला, वाटाड्याची मजुरी गावच्या तरुणाला, तांदळाची भाकरी आणि मासळीचे पैसे घरातल्या बायकांना आणि कोळणीला. सारे पैसे गावातच फिरतात.

भांडवल फार लागत नाही. दोन स्वच्छ खोल्या, नीट संडास-न्हाणी, पिण्याचे चांगले पाणी आणि ठरलेला दर एवढ्यावर सुरुवात होते. शासनाची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिच्यात नोंदणी करावी. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कोणालाही नेऊ नये आणि अंधारापूर्वी बाहेर पडावे. प्लॅस्टिक आत जाऊ देऊ नये; गोंगाट करणारे गिऱ्हाईक नम्रपणे परत पाठवावे.

कारण या धंद्याचे भांडवल म्हणजे ते जंगल आणि तिथली शांतता. काशीदची गर्दी पायवाटेवर आली, तर माल संपला असे समजावे. चार घरांनी मिळून दर आणि पाहुण्यांची संख्या आधीच ठरवून घेतली, तर हा व्यवहार टिकेल. मुरुड तालुक्यातील आमच्या वाचकांनी जमिनीचा सौदा करण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.