समुद्राचा मासा मोर्शीला येतो तेव्हा

तलावात मत्स्यबीज सोडताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? आमच्या मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे. या भागात रोहू-कटल्याची बोटभर पिले प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येतात. पिशवी आली की जाणता मच्छीमार ती लगेच ओतत नाही. तोंड बांधलेलीच पिशवी तो पाण्यावर तरंगत ठेवतो. पंधरा-वीस मिनिटांनी तोंड सोडतो, तलावाचे थोडे पाणी आत घेतो आणि मग पिलांना आपली आपण बाहेर निघू देतो. घाई केली तर म्हणेल, "पाण्याची ओयख तं होऊ द्या, सर!"

ही ओळख म्हणजे नेमके काय, हे मला पुरते कळले ते एक मासा गमावल्यावर. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून क्लाऊन मासा आणला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा प्रवाळांच्या समुद्रात समुद्रफुलांच्या आश्रयाने राहतो. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात असे सागरी मासे पाहिल्याचे तुमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगतील. पण तेथे समुद्र हाकेच्या अंतरावर होता. मोर्शीला समुद्र बादलीत कालवावा लागतो! लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, आणि तेही स्वयंपाकघरातील मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सारे ठरावीक प्रमाणात असतात. आपल्या दर्यापूर-अकोल्याकडील खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणीही खारेच. परंतु त्या क्षारांचे मिश्रण निराळे, म्हणून तेही चालत नाही. तयार सागरी क्षार विकत आणावे लागतात.

मासा रात्रीच्या गाडीने अमरावतीला व तेथून एस.टी.ने मोर्शीला आला. मी पिशवी उघडली, त्याला हवा मिळावी म्हणून तासभर तशीच टाकीत तरंगत ठेवली, तपमान जुळल्याची खात्री केली आणि मासा टाकीत सोडला. संध्याकाळी तो एका कोपऱ्यात तळाशी बसला होता. रंग फिका, पर अंगाला चिकटलेले, कल्ल्यांची उघडझाप भराभर. दुसऱ्या दिवशी तो मेला. नंतर पिशवीतले उरलेले पाणी हायड्रोमीटरने तपासले. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०१९, तर माझ्या टाकीचे १.०२६! हायड्रोमीटर आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होता. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने तपमान तेवढे मोजले आणि घनता मोजली नाही.

आता या दोन आकड्यांतील फरकाने माशाचे काय होते ते पाहा. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले आहे. पेशीचे आवरण पाण्याला वाट देते, मिठाला सहसा देत नाही, आणि पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. हेच परासरण. सागरी माशाच्या रक्तात समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एकतृतीयांशच क्षार असतात. म्हणजे तो जन्मभर मीठ लावलेल्या फोडीच्या स्थितीत जगतो! हिशेब केला तर रक्त आणि समुद्र यांच्यातील परासरण दाबाचा फरक हवेच्या दाबाच्या सुमारे १६ पट येतो. कल्ल्यांच्या नाजूक पातळ पडद्यातून त्याच्या अंगचे पाणी सतत बाहेर ओढले जात असते.

मग तो सुकत कसा नाही? तो समुद्र पितो. होमर स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० साली हे दाखवून दिले. पिलेल्या पाण्याबरोबर मीठही पोटात जाते. ते जाते कोठे? १९३१ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ईल माशाच्या कल्ल्यांवर प्रयोग करून दाखवले की कल्लेच हे मीठ बाहेर टाकतात. त्यासाठी कल्ल्यांत खास पेशी असतात आणि त्या शक्ती खर्चून काम करतात. आपल्या रोहूचा कारभार याच्या बरोबर उलटा. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरते, म्हणून तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो.

बाहेरची लवणता बदलली की या पेशींना आपले काम नव्याने जुळवून घ्यावे लागते, आणि त्याला तास नव्हे तर दिवस लागतात. त्यातच मासा घाबरलेला असेल तर संकट दुप्पट. भीतीने त्याचा श्वास वाढतो, कल्ल्यांतून जास्त रक्त खेळू लागते. त्याने प्राणवायू जास्त मिळतो हे खरे, पण त्याच पडद्यातून पाणीही जास्त निसटते. थोडक्यात, घाबरलेला सागरी मासा भर पाण्यात तहानेने व्याकूळ होतो. म्हणून नवा मासा आल्यावर खोलीतला दिवा बंद ठेवणे, काचेवर टिचक्या न मारणे, लपायला दगडाची कपार देणे हे नुसते लाड नव्हेत. (शेजारपाजारची मुले जमली की हे पाळणे सर्वांत अवघड, हा माझा अनुभव.)

लवणतेतील फरक थोडा असेल आणि प्रवास तास-दोन तासांचा असेल, तर थेंब-थेंब पद्धत उत्तम. औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणा. तिचे एक टोक टाकीत, दुसरे खाली ठेवलेल्या भांड्यात. वक्रनलिकेप्रमाणे पाणी उतरू लागेल. चाक फिरवून सेकंदाला तीन थेंब पडू द्या. नेहमीच्या नळीचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, तेव्हा मिनिटाला ९ मिलिलिटर पाणी येते. भांड्यात माशासह अर्धा लिटर पाणी असेल तर सुमारे ५५ मिनिटांत ते एक लिटर होईल. समजा, पिशवीत लिटरला ३१ ग्रॅम क्षार होते आणि टाकीत ३५. फरक ४ चा, तो आता २ उरला. अर्धे पाणी काढून टाका व पुन्हा तेवढाच वेळ थेंब पडू द्या. फरक १ उरेल. किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखाच हा हिशेब आहे. भांडे मात्र गार फरशीवर ठेवू नका.

पण रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला ही पद्धत घातक ठरते! मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. बंद पिशवीत त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू उतरतो, आणि कमी सामूला बहुतेक अमोनिया अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की सोडावॉटरच्या बाटलीप्रमाणे वायू निघून जातो आणि सामू चढतो. सामू एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचे प्रमाण सुमारे दहापट होते. 'हवा मिळावी' म्हणून मी उघडी ठेवलेली पिशवी माशाला तासभर काय देत होती, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. माझा मासा लवणतेने मेला, अमोनियाने मेला की दोहोंनी, हे आज सांगता येणार नाही.

पुढच्या खेपेला आम्ही क्रम उलटा केला. विद्यार्थ्याने दुकानातच पाण्याचे विशिष्ट गुरुत्व मोजून फोनवर कळवले. मी एका छोट्या टाकीत तेवढ्याच लवणतेचे पाणी आधीच तयार ठेवले. पिशवी बंद असतानाच वीस मिनिटे तरंगत ठेवून तपमान जुळवले, मग उघडून मासा लगेच जाळीने उचलला व टाकीत सोडला. पिशवीचे पाणी फेकून दिले. त्यानंतर रोज ०.००१ या बेताने विशिष्ट गुरुत्व वाढवत सात दिवसांत १.०२६ वर आणले. पहिल्या दिवशी मासा कपारीत दडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने खाल्ले. हा मासा हौदात जन्मलेला होता. क्लाऊन माशांच्या अशा पैदाशीचे तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने बसवले आहे. असे मासे माणसाला व कोरड्या खाद्याला सरावलेले असतात, म्हणून घ्यायचा तर असाच घ्यावा.

टाकीही पिकलेली हवी. अमोनियाचे नायट्राइट व त्याचे पुढे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत, दगडांत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल त्याने सागरी माशाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि प्रवास संपला म्हणून बदल संपत नाही. आमचा मे महिना पाहा. कोरड्या हवेत टाकीचे पाणी भराभर उडते, मीठ मात्र मागेच राहते. १०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाणी उडाले तर लिटरला ३५ ग्रॅमचे जवळजवळ ३९ ग्रॅम होतात. मासा जागचा न हलता दुसऱ्याच समुद्रात जातो! शिवाय २५ अंशांना लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सुमारे ५.८. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला की मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतो.

उपाय माठाचाच. पाण्यावर छोटा पंखा सोडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. ती सारी टाकीतूनच घेतली गेली तर १०० लिटर पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरेल. खोलीची उष्णता सतत आत शिरत असल्याने प्रत्यक्षात दोन-चार अंशच मिळतात, पण तेवढ्याने काम भागते. पंख्याने पाणी अधिक उडणार हे ओघानेच आले. म्हणून मी काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ ओढली आहे. सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी रेघेपर्यंत पाणी भरतो, क्लोरीन काढलेले, साधे, गोडे. मीठ घालत नाही. आणि तेही सलाईनच्या नळीनेच, थेंब-थेंब.