टेबलावर पडल्यावर कानात काय वाजावं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली किरकोळ मानलं जातं. सकाळी जायचं, दुपारपर्यंत घरी परत. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला मात्र ते किरकोळ वाटत नाही. भूल फक्त डोळ्यापुरती. तोंडावर कापड, मान हलवायची नाही आणि कान मात्र टक्क जागे. ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा खणखणाट, मशीनचं टुणटुण, नर्सची कुजबुज, सगळं ऐकू येतं. दंडाचा पट्टा मधूनमधून आवळतो आणि ब्लड प्रेशरचा आकडा वर गेलेला असतो.

किती वर? अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला आलेल्या ४० वृद्धांचं मोजमाप २००१ साली प्रसिद्ध केलं. आठवडाभर आधी त्यांचा रक्तदाब सरासरी १२९/८२ होता. ऑपरेशनच्या दिवशी तो १५९/९२ झाला. ही करामत निव्वळ धास्तीची. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. डोळ्यासारख्या नाजूक जागी तर वाढलेला दाब रक्तस्रावाचा धोका वाढवतो.

यांतल्या २० जणांना हेडफोन दिले आणि त्यांनी स्वतः निवडलेलं संगीत लावलं. त्यांचा दाब ऑपरेशन चालू असतानाच उतरला. बाकीच्या २० जणांचा चढलेलाच राहिला.

कल्पना तशी जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातले सर्जन इव्हान केन यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये फोनोग्राफ वाजवल्याचं १९१४ मध्येच लिहून ठेवलंय. पुढे २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, सुमारे ७,००० रुग्णांचा आढावा आला. संगीत ऐकणाऱ्यांची भीती कमी, वेदना कमी आणि वेदनाशामक औषधंही कमी लागली. पूर्ण भूल दिलेल्यांनाही थोडा गुण आला. हॉस्पिटलमधला मुक्काम मात्र घटला नाही.

गाणं कुणी निवडायचं, हा खरा प्रश्न आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १५७ रुग्णांवर झालेल्या २०१९ च्या चाचणीत, नसेभोवती भुलीचं इंजेक्शन देण्याआधी काहींना मिडाझोलाम हे शांत करणारं औषध दिलं, तर काहींना एकच ठरलेली धून ऐकवली. भीती दोन्हीकडे जवळपास सारखीच कमी झाली, पण संगीतवाले तितके समाधानी नव्हते. दुसऱ्याच्या पसंतीची धून कानात घालून कोण खूश होईल? ज्या आजीचा जन्म भीमसेनांचे अभंग ऐकण्यात गेला, तिला तेच द्यायला हवेत.

त्याच चाचणीत हेडफोनमुळे रुग्ण आणि डॉक्टर यांचं बोलणंही अडत होतं. म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधीच्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा, हेडफोन चालेल का? चालत असेल तर पेशंटच्या आवडीची गाणी आदल्या रात्रीच फोनमध्ये भरून द्या. आवाज बारीक ठेवा, म्हणजे डॉक्टरांचं ‘खाली बघा’ ऐकू येईल. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र डॉक्टर सांगतील तशीच घ्यायची.