लाँचच्या व्हिडिओवर पडदा कोण टाकणार?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. त्यात १५ जणांचा जीव गेला. एका प्रवाशाने मोबाइलवर टिपलेला तो क्षण लगेच सगळीकडे फिरला. घारापुरी आपल्या उरण तालुक्यातली. मोरा किंवा रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्यांच्या घरी तो व्हिडिओ कसा पाहिला गेला असेल, याची कल्पना करवत नाही.

अशी दृश्यं फेसबुक, इन्स्टाग्रामवर आली तर त्यांवर धूसर पडदा येऊ शकतो. प्रेक्षक तक्रार करतात, संगणक चित्रं तपासतो, आधी खूण केलेल्या व्हिडिओशी ताडून पाहतो. शंका राहिली तर माणूस बघतो. पडदा आला की व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, त्यावर बोट ठेवावं लागतं. यूट्यूब काही व्हिडिओ अठरा वर्षांखालच्यांना बंद ठेवतं. पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि व्हिडिओ सर्वांत वेगाने पसरतो तो पहिल्या काही तासांतच.

गावचे ग्रुप तर व्हॉट्सॲपवर. तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्यातच कुलूपबंद असतो; कंपनीला तो दिसत नाही, म्हणून ती पडदाही टाकू शकत नाही. तिथे पडदा पाठवणाऱ्यानेच टाकायचा.

त्याची सोय ॲपमध्येच आहे. व्हिडिओ निवडल्यावर मजकुराच्या चौकटीशेजारी वर्तुळातला एकचा आकडा दिसतो. तो दाबून पाठवलेला व्हिडिओ एकदाच उघडतो, उघडेपर्यंत त्यातलं चित्र दिसत नाही आणि तो पुढे ढकलता येत नाही. त्याआधी स्वतंत्र संदेश लिहावा. ‘विचलित करणारी दृश्ये’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘बोटीची धडक आहे, किंकाळ्या ऐकू येतात, मृतदेह दिसत नाहीत’ असं लिहिलं, तर बघायचं की नाही हे समोरच्याला ठरवता येतं. आवाजाचा उल्लेख हवाच. पुष्कळांना चित्रापेक्षा आवाज जास्त छळतो.

घेणाऱ्याने सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त जाऊन व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करावं, मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हींवर. अँड्रॉइडवर गॅलरीत मीडिया दाखवणंही थांबवता येतं. आजीचा फोन नातवाच्या हातात असतो, तिथे हे आधी करावं.

राहिला टीव्ही. समाजमाध्यमांवरचे असे व्हिडिओ काटछाट न करता दाखवू नका, असं माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजीच वाहिन्यांना बजावलं आहे.

तरीही चित्रीकरण पुसून टाकू नये. अपघात कसा झाला, हे पुढे त्यावरूनच कळू शकतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबला जाऊन त्याचा दर्जा उतरतो, म्हणून फोनमधली मूळ फाइल जपावी आणि तीच पोलिसांना द्यावी.