‘होता’ आणि ‘झाला’

वाक्यातील लहानशा शब्दावर कधीकधी मोठे ओझे पडते. ‘गड उंच आहे’ या वाक्यात ‘गड’ हे उद्देश्य, ‘उंच’ हे विधानपूरक आणि ‘आहे’ हे त्या दोहोंना जोडणारे क्रियापद. ते स्वतः कोणतीही कृती सांगत नाही. पण त्याच्या जागी ‘झाला’ घातले की स्थितीचे स्थित्यंतर होते. गड पूर्वी उंच नव्हता, असा अर्थ त्यातून निघतो.

हा भेद धर्मशिक्षकाने विशेष जपला पाहिजे. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या वचनात शब्दाविषयी ‘एन’ हे ग्रीक क्रियापद तीनदा येते. त्याचा अर्थ ‘होता’. चौदाव्या वचनात देहधारणेसाठी मात्र ‘एगेनेतो’, म्हणजे ‘झाला’, हे क्रियापद योजले आहे. पुत्र मनुष्य झाला. तो देव झाला नाही, तो देव आहेच. पुत्रालाही आरंभ आहे, असे आरियसने शिकविले. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने ते मत त्याज्य ठरवून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. म्हणून ‘येशू देव झाला’ असे कोणी सहज बोलून गेला, तरी ती केवळ व्याकरणाची चूक राहत नाही.

असीरगड-बुऱ्हाणपूर परिसरात मराठी, हिंदी व निमाडी शेजारी नांदतात. येथे आणखी एक अडचण संभवते. मराठीत ‘असणे’ व ‘होणे’ ही दोन क्रियापदे आहेत. हिंदीत ‘होना’ हे एकच दोन्ही अर्थ वाहते. मराठी ‘होता’ म्हणजे हिंदी ‘था’. परंतु हिंदीतील ‘होता है’ नेहमी घडणारी गोष्ट सांगते. रूप सारखे, अर्थ निराळा. अशा श्रोत्यांपुढे ‘होता’ म्हटल्यावर ‘आरंभापासून होता, आजही आहे’ अशी पुस्ती जोडावी; त्यामुळे ‘होता, आता नाही’ हा गैरसमजही टळेल.

परभाषेत श्रद्धा मांडण्याचा प्रश्न या भूमीला नवा नव्हे. अकबराने असीरगडास वेढा घातला (१६००-०१), तेव्हा फादर जेरोम झेवियर त्याच्या छावणीत होते. १६०२ साली त्यांनी फारसीत ख्रिस्तचरित्र सिद्ध केले. आपल्याला तर मायबोलीतच बोलावयाचे आहे. तेव्हा प्रवचनाच्या टिपणात प्रत्येक ‘झाला’खाली एकदा रेघ ओढावी आणि तेथे ‘होता’ किंवा ‘आहे’ तर नको ना, असे स्वतःस विचारावे.